सकाळचा पहिला नंबर

बद्धकोष्ठ हा शब्द वाचायला फार सोवळा वाटतो. तो कुणी जन्मात तोंडाने उच्चारला असेल असं मला वाटत नाही. आमच्या वसईला घरात सरळ विचारतात, "झालं का?" आणि ज्याला विचारलं तो सरळ सांगतो, झालं किंवा नाही झालं. आई आम्हां भावंडांना शाळेत पिटाळण्याआधी हेच विचारायची. दप्तर भरलं का, डबा घेतला का, झालं का. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाज मी दुबईत येऊन शिकले.

देरा या दुबईतल्या जुन्या वस्तीत आम्ही सहा बायका एका फ्लॅटमध्ये राहायचो. दोन खोल्या, एक किचन आणि बाथरूम एकच, त्यातच संडास. प्रत्येकीचा नंबर ठरलेला. नंबर म्हणजे सकाळी आत जायची पाळी. माझा पाचवा होता. मी आत गेले की सहावी बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभी, आणि दारावर टकटक. "यल्ला आंटी, मेरी बस जाएगी!" आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुणाचं पोट मोकळं होईल? माझं पोट म्हणजे काय नळ आहे, फिरवला की चालू? मी आत नुसती बसायची, घड्याळाकडे बघायची, आणि तशीच उठून तोंड धुऊन बाहेर यायची.

ऑफिसमध्ये तर त्याहून मजा. मालाच्या शिपिंगचे कागद तयार करायचं माझं काम. मजल्यावर बायका आम्ही दोघीच, बाकी सगळे पुरुष. लेडीज टॉयलेट बाहेरच्या पॅसेजमध्ये, त्याला कुलूप, आणि चावी मॅनेजरच्या केबिनबाहेर खिळ्याला, त्याला विचारूनच घ्यायची. ती हरवू नये म्हणून तिला लाकडाचा हा एवढा ठोकळा बांधलेला. तो ठोकळा हातात घेऊन सगळ्या टेबलांसमोरून जायचं आणि सगळ्या टेबलांसमोरून परत यायचं. एकदा मला आत जरा वेळ लागला. परत आले तर सेल्समधला एक जण खुर्ची मागे टाकून म्हणतो, "मॅडम, बहुत लंबी मीटिंग थी?" सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी. त्या दिवसापासून मी ऑफिसात पाणी पिणं बंद केलं. पाणी नाही तर चावी नाही, चावी नाही तर ठोकळा नाही. फार अक्कल लढवली असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग व्हायचं तेच झालं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पोट दगड झालं. दुपारी कॅन्टीनमधला पराठा नाहीतर शोरमा, संध्याकाळी थकून खुबूस, म्हणजे इथली मैद्याची रोटी, आणि अंडं, वर कडक चहा, दिवसभर खुर्ची आणि एसी. भाजी दिसायची ती शोरम्यातल्या काकडीच्या लोणच्याएवढीच.

आता मी केळीच्या वाडीत वाढलेली पोर. आमच्याकडे पोटाला काही झालं की केळं. पोट बिघडलं, केळं. पोट अडलं, केळं. तर मी सुपरमार्केटमधून फण्याच्या फण्या आणायला लागले. लांबलचक, परदेशातून बोटीने आलेली, अर्धी हिरवी केळी. ती पिकेपर्यंत थांबायचा धीर कुणाला? शिवाय फ्रीजवर पिकायला ठेवली तर रूममेट खाणार. म्हणून कच्चट असतानाच खायचे, रोज रात्री जेवल्यावर, मोठ्या श्रद्धेने. अजून घट्ट झालं. मग कुणीसं ऑफिसात सहज बोलताना इसबगोल म्हणालं. ते आणलं. चमचाभर भुसा तोंडात टाकायचा आणि वर दोन घोट पाणी, कारण जास्त प्यायलं तर सकाळी ऑफिसात चावी मागायला लागेल! हसू नका. त्या वेळी मला ते अगदी बरोबर वाटत होतं.

शेवटी रक्त दिसलं. बसायला गेलं की काच बोचावी तशी कळ यायची. ऑफिसच्या खुर्चीत मी एका मांडीवर कलून बसायला लागले. आणि दुखतं म्हणून मी जायचं अजून टाळायला लागले.

हे पहिल्यांदा ओळखलं बायने. माझ्या मैत्रिणीला मी बाय म्हणायचे. ती माझ्याहून थोडी मोठी, आमच्याच पॅरिशची, म्हणजे एकाच चर्चची. तिच्या माहेरची वाडी आणि आमची वाडी एका बांधाला. एका हॉटेलच्या लाँड्रीत ती सुपरवायझर होती. मला देऱ्यात बेडस्पेस, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने, तिनेच मिळवून दिली. गॅस कधी मागवायचा, कचरा कुणी टाकायचा, कुणाचा नंबर कितवा, हे सगळं तीच बघायची आणि तिच्यासमोर कुणाची बोलायची टाप नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी मी बाथरूममधून बाहेर आले तर ही दाराशी. माझा चेहरा बघितला आणि मला हाताला धरून किचनमध्ये नेलं, दार लावलं.

"काय झालं गो? खरं सांग."

मी रडायलाच लागले. शेगडीवर कुकर होता, त्याच्या शिट्ट्यांच्या आडोशाने मी तिला सगळं सांगितलं. ठोकळ्याचं सांगितलं. रक्ताचं सांगितलं. आणि एक गोष्ट सांगितली, जी मी सख्ख्या बहिणीलाही फोनवर सांगितली नसती. एकदा इतकं अडकलं होतं की मला बोट घालून काढावं लागलं होतं. आणि मग मी तशीच फरशीवर बसून राहिले होते, बाहेरची टकटक ऐकत. हे सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, कुकरकडे बघत होते.

बायने मला जवळ घेतलं. माझे केस मागे सारले. मी म्हटलं, "बाय, शपथ घे. मेलीस तरी कुणाला बोलणार नाहीस."

तिने गळ्यातला क्रूस मुठीत धरला. "शपथ. मेले तरी बोलणार नाही. आता डॉक्टरकडे चल."

डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. डॉक्टर मल्याळी बाई होत्या, हिंदी छान बोलायच्या आणि कुठल्याही शब्दाला अडखळायच्या नाहीत. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की चीर पडली आहे, अजून छोटी आहे, भरून येईल. पण असंच कडक होत राहिलं तर सर्जनकडे पाठवावं लागेल. मग त्यांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? माझ्याआधी बायच म्हणाली, "डॉक्टर, ये पानी पीती ही नहीं. चाबी माँगनी पड़ती है." त्यावर डॉक्टर हसल्या नाहीत. माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "बिना पानी का इसबगोल पेट में सिमेंट है. आप रोज़ सिमेंट खा रही हैं." केळ्याचंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, सालीवर काळे ठिपके येईपर्यंत पिकलेलं खा, नाहीतर खाऊच नका.

बाकी त्यांनी सांगितलं ते काही रॉकेट सायन्स नव्हतं. सकाळी उठून गरम काहीतरी प्यायचं, थोडं खायचं, आणि मग निवांत बसायचं, कारण पोटात काही गेलं की आतडं आपोआप हलायला लागतं. पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं, म्हणजे कमोडवरही उकिडवं बसल्यासारखं होतं. कुंथायचं नाही. मोबाईल न्यायचा नाही. झालं नाही तर उठायचं, पण कळ आली की दाबायची नाही, मग ती कुठेही येवो. भाजी, फळं, डाळी हळूहळू वाढवायच्या, एकदम नाही, नाहीतर पोट फुगेल. रोज चालायचं. आणि पाणी. पाण्याचं तर त्यांनी इतक्यांदा सांगितलं की बाय मला कोपराने ढोसायला लागली.

निवांत बसायचं म्हणे! सहा बायकांच्या फ्लॅटमध्ये निवांत? मेट्रोत मी बायला तेच म्हटलं. ती मग म्हणाली, "माझा नंबर तू घे."

बायचा नंबर पहिला होता. फ्लॅटमधली सगळ्यात जुनी म्हणून. पहिला नंबर म्हणजे काय ते ज्याने पाचवा काढलाय त्यालाच कळेल. बाकी सगळ्या झोपलेल्या असतात, कुणी टकटक करत नाही, फरशी कोरडी असते. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना सांगून टाकलं की आजपासून हिचा पहिला, माझा पाचवा. एकीने विचारलं, का म्हणून? बाय म्हणाली, "मैं बोलती हूँ इसलिए. खलास." माझ्याबद्दल एक शब्द तिने काढला नाही. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला परक्या मुलखात सख्खी बहीण मिळाली.

मग आमचं सुरू झालं. आमचं म्हणते, कारण ते खरंच दोघींचं होतं. रात्री मी अंजीर भिजत घालायची, सकाळी बाय माझ्याआधी उठून पाणी गरम करायची. नाचणीचं पीठ तिने कुठल्याशा दुकानातून शोधून आणलं. संध्याकाळी खुबूस बंद, त्याऐवजी भाकरी आणि चवळीची उसळ, नाहीतर लाल भोपळा, नाहीतर मेथी. पेरू बियांसकट. सुट्टीच्या दिवशी दोघी बाजारात जाऊन पालेभाज्या आणायचो आणि टीव्हीसमोर निवडत बसायचो. संध्याकाळी खाडीच्या काठाने चालायचो. तिथे लाकडी गलबतांवर फ्रीज, टायर, गाद्या असलं सगळं चढवत असतात, त्यांच्या बाजूबाजूने जपमाळ म्हणत जायचं. अंतर मोजायची भानगड नाही, जपमाळ संपली की परत फिरायचं. उन्हाळ्यात बाहेर पाय टाकवत नाही, तेव्हा मेट्रो स्टेशनच्या त्या लांबलचक एसी पुलावरून येरझाऱ्या घालायचो. लोक ट्रेन पकडायला धावतात आणि आम्ही दोघी नमो मरिया म्हणत उलट्या दिशेने!

आणि चावी. ती मात्र मला एकटीलाच मागायची होती, तिथे बाय येऊ शकत नव्हती. पहिल्या दिवशी टेबलावर पाण्याची मोठी बाटली ठेवली आणि दुपारपर्यंत अर्धी संपवली. मग जावं लागणारच होतं. उठले, मॅनेजरला सांगून खिळ्यावरून तो ठोकळा काढला आणि निघाले. सेल्सवाल्याने मान वर केली. मी त्याच्यासमोर थांबले, ठोकळा उचलून दाखवला आणि म्हटलं, "हाँ भैया, आज भी लंबी मीटिंग है. कुछ काम था?" तो लाल झाला आणि कीबोर्डवर वाकला. पॅसेजमध्ये पोचेपर्यंत माझे पाय लटपटत होते. पण त्यानंतर कुणी काही बोललं नाही. ही माझ्या आयुष्यातली छोटी लढाई नाही बरं. बाकीच्यांना वाटेल, चावी काय, मागायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून सांगते.

रोज सकाळी मी बाहेर आले की बाय ओट्याशी उभी राहून हळूच विचारायची, "झालं का गो?" आणि मी खरं काय ते सांगायची. नाही झालं. थोडं झालं. दुखलं. कमी दुखलं. एक दिवस सगळं नीट झालं, सहज, न दुखता, लहानपणी व्हायचं तसं. मी बाहेर येऊन नुसती मान हलवली तर बाय हातातलं उलथणं घेऊन किचनमध्ये नाचली. मी तोंडावर टॉवेल धरून हसत होते, कारण बाकीच्या झोपलेल्या. त्या परदेशात माझ्या पोटाची चौकशी करणारं ते एकच माणूस होतं. त्याची किंमत मला तेव्हाही कळत होती, नंतर कळली असं नाही.

आता प्रार्थना ग्रुपचं सांगते, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. वसईच्या आम्हां लोकांचा एक ग्रुप आहे, दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमतो. गाणी होतात, बायबलमधलं वाचन होतं, मग साक्षी. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. कुणाचा व्हिसा अडला होता तो झाला. कुणाच्या नवऱ्याची गाठ साधी निघाली. कुणाच्या मुलाला ॲडमिशन मिळाली. लोक रडतात, टाळ्या वाजवतात, आलेलुया म्हणतात. ज्याची साक्ष मोठी त्याला नंतर चहाच्या वेळी सगळे घेरतात. मी वाचन करायची. ते माझं काम होतं, आवाज बरा आहे म्हणून. माणसांत माझी ओळख तेवढीच होती आणि मला ती पुरायची.

बायकडे साक्ष नव्हती. ती ग्रुपमधली सगळ्यात जुनी, खुर्च्या मांडणारी, सरबत करणारी, आणि तिच्या आयुष्यात काही घडतच नव्हतं. दर आठवड्याला ती दुसऱ्यांच्या साक्षी ऐकून रडायची आणि परतताना मेट्रोत म्हणायची, "माझ्याकडे देव बघतच नाही गो." मी हसण्यावारी न्यायचे. म्हणायचे, तुझं सगळं सुरळीत चाललंय हीच तुझी साक्ष. तिला ते आवडायचं नाही.

त्या शनिवारी ग्रुप एका जोडप्याच्या घरी होता. हॉल गच्च भरलेला, पुरुष भिंतीला टेकून उभे, मुलं आतल्या खोलीत टॅबवर. मी वाचन करून जागेवर बसले. साक्षीची वेळ झाली. आणि बाय उठली.

मला आनंद झाला. देवाशपथ, मला आनंद झाला. वाटलं, हिचं काहीतरी चांगलं झालं आणि मला सरप्राइज द्यायचं म्हणून सांगितलं नाही.

"माझ्या रूममध्ये एक बहीण आहे," बाय म्हणाली. "तिला पोटाचा फार त्रास होता. शौचाला व्हायचं नाही."

माझ्या कानात एकदम गरम झालं. मी मान खाली घातली. मला वाटलं, एवढंच सांगून ती थांबेल. ती थांबली नाही. तिचा आवाज चढायला लागला. रक्त पडायचं, ती म्हणाली. बसता यायचं नाही. ऑफिसमधले लोक हसायचे. आणि मग, त्या भरलेल्या हॉलमध्ये, भिंतीला टेकलेल्या पुरुषांसमोर, तिने ते बोटाचंही सांगितलं. जे मी कुकरकडे बघत सांगितलं होतं ते. हॉलमध्ये कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"मी तिला रोज संध्याकाळी घेऊन चालायचे," बाय रडत म्हणाली. "तिच्यासाठी रोज एक जपमाळ. आणि रोज सकाळी तिच्या पाण्यावर मी क्रूसाची खूण करायचे, तिला न सांगता. आज ती बरी आहे! डॉक्टरला ऑपरेशन करावं लागलं नाही! प्रभूची स्तुती असो! ती बहीण आज आपल्यात बसली आहे." आणि तिने माझ्याकडे हात केला. प्रेमाने केला, हे मी नाकारत नाही.

टाळ्या. आलेलुया. घरची बाई माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली. ग्रुप चालवणारे अंकल म्हणाले, "बेटा, उभी राहा." मी उभी राहिले. काय करणार होते? ती फरशी फाटून तिने मला आत घ्यावं असं वाटत होतं, आणि मी उभी राहून हात जोडत होते. आतल्या खोलीतून एक पोरगी बाहेर आली होती, ती आईला ओढत म्हणाली, "मम्मा, व्हाय इज एव्हरीवन क्लॅपिंग फॉर आंटीज टमी?" तिच्या आईने तिला चूप केलं. चूप करून काय उपयोग, सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

चहाच्या वेळी सगळ्यांनी मला घेरलं. मोठी साक्ष होती ना! एकीने एरंडेलाचं सांगितलं, दुसरीने गरम दुधात तुपाचं. एक अंकल मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मला पण हाच प्रॉब्लेम आहे. जपमाळ जेवणाआधी की जेवणानंतर?" मी त्यांना म्हटलं, "अंकल, पाणी प्या." त्यांना ते उत्तर आवडलं नाही. बायभोवती त्याहून जास्त गर्दी होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

परतताना मेट्रोतून उतरलो. पुलावर, जिथे आम्ही उन्हाळ्यात चालायचो, तिथे मी थांबले.

"तू क्रूस हातात धरून शपथ घेतली होतीस."

"मी नाव कुठे घेतलं गो?"

"हात माझ्याकडे केलास! नाव घ्यायचं काय राहिलं?"

ती खरंच गोंधळली होती. म्हणाली, "देवाने एवढं केलं ते लपवायचं? तू तर सांगणार नव्हतीस. म्हणून मी सांगितलं. तुझी साक्ष वाया गेली असती."

"माझी साक्ष!" मी ओरडले. लोक वळून बघत होते, बघू देत. "माझी साक्ष तू केसाने गळा कापून घेतलीस आणि स्वतःची म्हणून मिरवलीस. आणि मिरवायचीच होती तर नीट तरी सांगायची. पाणी कुणी प्यायलं? तो ठोकळा घेऊन सगळ्यांसमोरून कोण गेलं? मी गेले, बाय. माझे पाय लटपटत होते. ते होतं का तुझ्या साक्षीत? रक्त सांगितलंस, बोट सांगितलंस, चावीचं एक अक्षर नाही! माझी लाज तेवढी चव्हाट्यावर मांडलीस आणि माझी हिंमत गिळलीस."

बाय रडायला लागली. म्हणाली, "मी तुझ्यासाठी माझा नंबर दिला." आणि ते खरं होतं. तिने नंबर दिला होता, पाणी तापवलं होतं, खाडीवर माझ्याबरोबर चालली होती. परक्याने असं केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. हिला मी काय म्हणू? मी तिच्या पुढे चालू पडले, ती मागून येत राहिली, घरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, आपल्या बहिणीच्या आरोग्यासाठी धन्यवादाची प्रार्थना करू या. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती. फ्लॅटमधल्या बाकीच्यांनाही कळलं, कसं ते मी विचारलं नाही. ज्या मुलीचा सहावा नंबर होता, टकटकवाली, ती बिचारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सॉरी आंटी, मुझे पता नहीं था." तिची माफी मला टकटकीपेक्षा जास्त लागली. वाचनाला मी पुन्हा उभी राहिले नाही. अंकलनी दोनदा विचारलं, मी घसा बसलाय म्हणून सांगितलं.

पोटाचं म्हणाल तर ते माझ्या आधी रुसलं. तेच अंजीर, तीच नाचणी, तेवढंच पाणी, पायाखाली तेच स्टूल. डॉक्टरांनी सांगितलेलं मी एक अक्षर सोडलं नव्हतं. पण निवांतपणा कुठल्या दुकानातून आणायचा? आत जाऊन बसले की वाटायचं, दाराबाहेर तो सगळा हॉल उभा आहे, टाळ्या वाजवायला तयार. सर्जनचं नाव मला पुन्हा आठवायला लागलं. आणि हे सांगायला माझ्याकडे आता कुणी नव्हतं. ज्या एका माणसाला मी सांगितलं असतं ते माणूस किचनमध्ये पाणी तापवत होतं.

कारण बाय अजून पाणी तापवत होती. त्या भांडणानंतर आम्ही गरजेपुरतं बोलायचो, पण पहाटे उठायचं तिने सोडलं नाही. ओट्यावर माझा ग्लास झाकून ठेवलेला असायचा. त्या सकाळीही होता. मी प्यायले. क्रूसाची खूण केली असेल त्यावर, केली असू दे. अंजीर खाल्ले. आत गेले, दार लावलं, स्टूलवर पाय ठेवले. सगळा फ्लॅट झोपलेला. पहिला नंबर, कोरडी फरशी, कुणाची टकटक नाही. मी बसून राहिले. पोट जड होतं, दुखत होतं, आणि काहीही होत नव्हतं.

बाहेर बायची पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली. किती दिवसांनी तिने विचारलं, आवाज पूर्वीसारखाच, हळू.

"झालं का गो?"

माझ्या तोंडात खरं उत्तर होतं. नाही झालं, बाय. दुखतंय. मला भीती वाटते. एवढं म्हटलं असतं तर ती दार उघडायची वाट बघत तिथेच उभी राहिली असती, मला माहीत आहे.

"झालं," मी म्हटलं.

आणि तिला खरं वाटावं म्हणून फ्लश ओढला.